फायनल, फायनल२, खरंच_फायनल

मी कॉन्व्हेंटवाली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ पोटात घाला. पण मुद्दा पाण्याचा आहे, म्हणून लिहितेच!

गेल्या सेमिस्टरला आमच्या ग्रुपने मिनी प्रोजेक्ट म्हणून हॉस्टेलच्या पाण्याचं मॉडेल केलं. मुली किती, माणशी लिटर किती, पंप किती तास, गळती किती टक्के... हे आकडे दिले की टाकी कधी रिकामी होईल ते पायथनचा प्रोग्राम सांगणार. परिस्थिती चार: नेहमीचे दिवस, पीएल, गॅदरिंग आणि सुट्टी. आम्ही काय केलं? एकच प्रोग्राम चारदा कॉपी करून प्रत्येकात आकडे बदलले. सबमिशनच्या आदल्या रात्री फोल्डरमध्ये 'फायनल', 'फायनल२' आणि 'खरंच_फायनल' सुखाने नांदत होते.

रिपोर्ट रेक्टर मॅडमना आवडला आणि पीएलमधली पंपाची वेळ त्यावरून ठरली. दुसऱ्याच सकाळी तिसऱ्या मजल्यावर नळ कोरडे! पीएलची फाइल सुट्टीच्या फाइलवरून कॉपी केलेली, त्यात मुली १८० च राहिल्या होत्या. खऱ्या २४०. आयएस ११७२ हे भारतीय मानक वसतिगृहात माणशी दिवसाला १३५ लिटर धरतं, म्हणजे रोज ८,१०० लिटरचा खड्डा! सूत्र बरोबर होतं, पण बादल्या घेऊन जिने चढणाऱ्या ज्युनियर्सना हे कोणत्या तोंडाने सांगू?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. आकडे प्रोग्रामच्या पोटात ठेवूच नयेत. एक मूळ फाइल असावी. तिच्यात प्रत्येक आकडा, त्याचं एकक आणि तो कुठून घेतला ते. प्रत्येक परिस्थितीच्या फाइलमध्ये फक्त जे बदलतं तेवढंच. मग गळती एकदा दुरुस्त केली की चारही ठिकाणी दुरुस्त. मूळ फाइलमध्ये नसलेलं नाव आलं तर प्रोग्रामने तिथेच थांबावं, नाहीतर स्पेलिंगची चूक गुपचूप पचते. आणि प्रत्येक ग्राफखाली वापरलेले सगळे आकडे छापावेत.

कुणी म्हणेल, चार केसेससाठी एवढा खटाटोप कशाला? आयपीसीसीच्या २०१३ च्या हवामान अहवालातही परिस्थिती चारच होत्या: आरसीपी २.६, ४.५, ६.० आणि ८.५. २१०० साली दर चौरस मीटरला साधारण किती वॅट जादा ऊर्जा अडकेल, हे नावातच आहे. आणि आमचं 'फायनल२'? असो.

सर-मॅडमना एकच विनंती: व्हायवाला "हा ग्राफ आत्ता पुन्हा काढून दाखव" एवढंच विचारा. अर्ध्या वर्गाला घाम फुटेल. मागच्या वर्षी मलाही फुटला असता!