प्रेशर नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद करू नका

गव्हाणच्या माझ्या दवाखान्यात एक संवाद ठरलेला असतो.

"काका, प्रेशरची गोळी चालू आहे ना?"

"बंद केली डॉक्टर. मागच्या वेळी तुम्हीच म्हणालात, प्रेशर नॉर्मल आहे."

काही वर्षांपूर्वी अशाच एका पेशंटला घरच्यांनी पहाटे माझ्याकडे आणलं. उजवा हात लुळा, तोंड वाकडं, शब्द फुटत नव्हता. लकवा. प्रेशर खूप वाढलेलं होतं. बायकोने पिशवीतून माझाच जुना कागद काढला. गोळीपुढे मी लिहिलं होतं, '१ महिना'. मला म्हणायचं होतं, महिन्याने तपासायला या. त्यांनी वाचलं, कोर्स एक महिन्याचा. कोर्स पूर्ण केला आणि गोळी थांबवली. चूक त्यांची नव्हती, माझी होती. म्हणून आज हे लिहितो आहे.

लघवीचं इन्फेक्शन असलं की अँटिबायोटिकचा कोर्स असतो. जंतू मेले, काम संपलं. प्रेशरचं तसं नाही. आपल्या भागातल्या खारबांधाचं उदाहरण घ्या. भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घालतात. शेत कोरडं राहिलं, म्हणून कोणी बांध फोडतं का? शेत कोरडं आहे ते बांधामुळेच. तुमचं प्रेशर नॉर्मल येतं ते गोळीमुळेच.

"पण मला काहीच त्रास होत नाही," असं तुम्ही म्हणाल. खरी अडचण तीच आहे. बहुतेकांना १७०-१८० प्रेशर असतानाही डोकं दुखत नाही की चक्कर येत नाही. त्रास होत नाही म्हणजे नुकसान होत नाही असं नाही. मेंदू, हृदय, किडनी आणि डोळ्यांच्या रक्तवाहिन्या रोज थोड्या थोड्या खराब होत असतात. म्हणून प्रेशर मोजावंच लागतं. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी मोजूनही ते १४०/९० किंवा त्याहून जास्त येत असेल, तर तो उच्च रक्तदाब.

"गोळीची सवय लागते" हा दुसरा गैरसमज. सवय लागत नाही. आजारच कायमचा असतो. वजन उतरलं, मीठ कमी झालं, दारू-तंबाखू सुटली, रोज चालणं सुरू झालं, तर डोस कमी करता येतो, क्वचित गोळी थांबवताही येते. पण ते डॉक्टरांनी मोजून ठरवायचं. मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल यांसारख्या गोळ्या एकदम बंद केल्या तर छातीत दुखू शकतं.

"मग झाडपाल्याचं औषध घेऊ का?" असंही विचारतात. आपल्याकडच्या सर्पगंधा या वनस्पतीने प्रेशर उतरतं, हे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी पेशंटचं प्रेशर मोजून दाखवलं आणि १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापलं. जगाने ते मानलं. पुढे त्या औषधाने काहींना नैराश्य येतं असं दिसलं, आणि अधिक सुरक्षित गोळ्या आल्यावर ते मागे पडलं. औषध झाडाचं की कारखान्याचं, हा प्रश्नच नाही. मोजून तपासलेलं आहे का, एवढंच बघा.

गोळ्यांचे दुष्परिणाम असतात, ते लपवण्यात अर्थ नाही. अ‍ॅम्लोडिपिनने पाय सुजू शकतात. रॅमिप्रिल, एनालाप्रिलने कोरडा खोकला येतो. लघवीच्या गोळ्यांनी सोडियम-पोटॅशियम कमी होऊ शकतं. टेल्मिसार्टन गरोदरपणात चालत नाही. असं काही झालं तर गोळी फेकू नका, येऊन सांगा. बदलून देता येते. अंगदुखीसाठी मनाने डायक्लोफिनॅक, आयब्रुफेन घेऊ नका, त्यांनी प्रेशर वाढतं.

आता मिठाबद्दल. मिठागरांच्या या पट्ट्यात मीठ कमी करा म्हणणं जिवावर येतं. पण दिवसभराचं मीठ ५ ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे लहान चमचाभर, आणि त्यात सगळं आलं: भाजी, लोणचं, पापड, वेफर्स, खारवलेली सुकी मासळी. ताजी मासळी खुशाल खा. सुकी कधीमधी, थोडी, भिजवून, ते पाणी टाकून, आणि कालवणात वरून मीठ न घालता.

माझ्या मते लोक गोळ्या सोडतात याला निम्मे जबाबदार आम्ही डॉक्टर आहोत. आम्ही गोळी लिहितो, पण ती किती दिवस घ्यायची ते सांगत नाही. त्या दिवसापासून मी '१ महिना' लिहिणं सोडलं. आता लिहितो, 'रोज घ्या, संपायच्या आधी नवीन आणा, महिन्याने तपासणी.'

तुमच्या डॉक्टरांनी नसेल सांगितलं, तर दवाखान्यातून उठण्याआधी एवढंच विचारा: "डॉक्टर, ही गोळी कधीपर्यंत?" आणि घरी कोणाची प्रेशरची गोळी चालू असेल, तर आज त्यांची स्ट्रिप बघा. शेवटची गोळी कधी घेतली, ते विचारा.