पंचविशीनंतरचे कुंग फू

भोपाळच्या ‘टीटी नगर’चा पूर्ण उच्चार रिक्षावाल्यापासून मंत्र्यापर्यंत कुणीच करत नाही. तात्या टोपे नगर! येवल्यात जन्मलेल्या आणि १८५९ च्या एप्रिलमध्ये शिवपुरीला फासावर गेलेल्या सेनानीचे हे नाव दोन इंग्रजी अक्षरांत गडप झाले आहे. याच नावाच्या स्टेडियममध्ये मध्य प्रदेश सरकारची मार्शल आर्ट अकादमी चालते. जुदो, कराटे, तायक्वांदो यांच्याबरोबर इथे वूशूही शिकवले जाते. वूशू म्हणजे चिनी कुंग फूचे स्पर्धेच्या नियमांत बसवलेले रूप. मुलांच्या राहण्या-जेवणाचा आणि प्रशिक्षणाचा भार सरकार उचलते. पदक आणले तर बक्षीस, विक्रम पुरस्कार मिळाला तर सरकारी नोकरी. व्यवस्था चांगली आहे आणि तिचे कौतुक व्हायलाच हवे.

प्रश्न त्यापुढचा आहे. पंचविशी ओलांडली की खेळाडू स्पर्धेतून बाहेर पडू लागतो. त्याच्यापाशी पदक असते, प्रमाणपत्र असते, नशीब असेल तर नोकरी असते आणि बरेचदा एक दुखरा गुडघा असतो. सराव मात्र संपलेला असतो. जी विद्या चाळिशीनंतर पिकते असे तिचे जाणकार पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले, ती ऐन भरात असताना सोडून द्यायची, हा त्या विद्येवर अन्याय आहेच. सरकारी पैशाचीही ती नासाडी आहे.

कुंग फूचा जुना शिकवण्याचा क्रम पाहिला की हे लक्षात येते. पारंपरिक गुरू नव्या मुलाला लगेच ठोसा शिकवत नाही. आधी ‘मा-बू’ म्हणजे घोड्यावर मांड ठोकल्यासारखा पवित्रा: पाय खांद्यांपेक्षा रुंद, मांड्या जमिनीला समांतर, पाठ ताठ, श्वास पोटातून. दोन मिनिटांत पाय लटपटू लागतात. तसेच थांबायचे. काही महिन्यांनी ‘ताओलू’, म्हणजे ठरलेल्या हालचालींची साखळी. तीच साखळी रोज, वर्षानुवर्षे. गुरूची दुरुस्ती असते बोटभर: कोपर जरा आत, टाच जरा खाली. शिष्याला अंतरंगात घेण्यापूर्वी त्याचा स्वभाव पारखला जातो आणि मग तो गुरूला रीतसर चहा देऊन शिष्यत्व पत्करतो. आपल्याकडे उस्तादाकडून गंडा बांधून घेणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. हेनान प्रांतातल्या शाओलिन मठात सहस्रबुद्धांच्या दालनातली फरशी जागोजाग खचली आहे. भिक्षूंच्या अनेक पिढ्यांनी त्याच जागी पाय आपटून सराव केला, म्हणून हे खळगे पडले, असे मठ सांगतो. कुंग फूचे तत्त्वज्ञान ग्रंथांत शोधायला जाणाऱ्याने आधी ती फरशी पाहावी.

इथे एक भारतीय अडथळा येतो. कुंग फूचा विषय निघाला की आपल्याकडे कुणीतरी हमखास सांगतो की ते बोधिधर्माने, म्हणजे आपणच, चीनला शिकवले. व्हॉट्सअ‍ॅपवर तर हे स्वयंसिद्धच आहे. शाओलिन मठ इ.स. ४९५ मध्ये भारतातून आलेल्या एका भिक्षूसाठी उभारला गेला, हे खरे. पण तो भिक्षू बोधिधर्म नव्हे. बोधिधर्माने व्यायाम शिकवल्याची कथा ज्या ‘यीजिन जिंग’ ग्रंथावर उभी आहे, तो सतराव्या शतकातला. तांग हाओ या चिनी अभ्यासकाने १९३० च्या सुमारासच ही दंतकथा मोडीत काढली होती. जन्मदाखल्यावर आपले नाव लागले काय नि न लागले काय, रोज पहाटे उठून घाम गाळणारा माणूस ज्या गावात आहे, विद्या त्या गावाची.

त्याहून बोलका दाखला सोळाव्या शतकातला आहे. चीनच्या किनाऱ्यावर समुद्री चाच्यांशी लढणाऱ्या ची जिगुआंग या सेनापतीने १५६० च्या आसपास लष्करी शिक्षणाचा ग्रंथ लिहिला आणि त्यात हातघाईच्या विद्येवर एक प्रकरण घातले. मोठ्या लढाईत रिकाम्या हाताचा फारसा उपयोग नाही, असे त्याचे मत. तरीही त्याने ती विद्या ठेवली, कारण तिने हातपाय तयार होतात आणि नवशिक्याला पुढच्या शस्त्रविद्येचे दार उघडते. म्हणजे साडेचारशे वर्षांपूर्वी, ज्याचे पोटच युद्धावर चालत होते त्या माणसालाही जिंकण्यापलीकडचा उपयोग दिसत होता.

आता १९३६ चे बर्लिन. त्या ऑलिंपिकमध्ये ध्यानचंदांच्या संघाने हॉकीचे सुवर्णपदक जिंकले. त्या संघात भोपाळचे अहमद शेर खान होते. पुढे त्यांचे चिरंजीव अस्लम शेर खान यांनीही भारतीय हॉकी गाजवली. भोपाळला हे बर्लिन पाठ आहे. पण त्याच दिवसांत त्याच शहरात आणखी दोन पथके होती, त्यांची आठवण सहसा निघत नाही. एक अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये स्थापलेल्या या संस्थेची माणसे देशी खेळ आणि व्यायामप्रकार दाखवायला थेट जर्मनीत पोहोचली होती. दुसरे पथक चीनचे. त्यातल्या स्त्री-पुरुषांनी कुंग फूची प्रात्यक्षिके केली. या दोघांनाही पदक नव्हते, कारण त्यांची स्पर्धाच नव्हती.

पदक नसलेल्या या माणसांचे पुढे काय झाले? चिनी पथकातले जेंग हुआईशियान मोडलेली हाडे बसवण्यातही वाकबगार होते. चंगदू शहरात १९५८ मध्ये क्रीडा रुग्णालय उभे राहिले ते त्यांच्या पुढाकाराने. बर्लिननंतर बावीस वर्षांनी, साठीच्या उंबरठ्यावर, कुंग फूने शिकवलेले शरीरज्ञान ते दुखापतग्रस्तांसाठी वापरत होते. मराठी वाचकाला इथे बडोद्याचे राजरत्न प्रा. माणिकराव आठवावेत. जुम्मादादा या मुसलमान उस्तादांच्या तालमीत तयार झालेल्या माणिकरावांनी गुरूच्या नावाची व्यायामशाळा वाढवली, शिष्यांच्या फळ्या उभ्या केल्या आणि अस्थिसंधानातही नाव कमावले. एकाला दुसऱ्याचा पत्ता असण्याचे कारण नव्हते, तरी दोघे एकाच मुक्कामी पोहोचले. शरीराशी तीस-चाळीस वर्षे प्रामाणिक व्यवहार ठेवला की मारणाऱ्या हाताला बरे करण्याचे ज्ञान येते. तिशीच्या आत निवृत्त होणाऱ्या खेळाडूला ते येणार कुठून?

दोष खेळाडूचा नाही, खेळाच्या नव्या घडणीचा आहे. १९५० च्या दशकात चीन सरकारने अनेक घराण्यांच्या कुंग फूला ठरावीक साचे दिले. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत वूशू पदकाचा खेळ झाला. आज ‘ताओलू’ प्रकारात दहा गुण असतात: पाच हालचालींच्या शुद्धतेला, तीन एकूण सादरीकरणाला आणि दोन अवघडपणाला. हे शेवटचे दोन गुण मिळवायला हवेत दीड-दोन गिरक्या घेऊन नेमक्या पवित्र्यात उतरावे लागते. पाहणारा थक्क होतो. गुडघा मात्र प्रत्येक उडीचा हिशेब ठेवतो.

म्हणून स्पर्धा वाईट आणि जुने ते सोने, असा निष्कर्ष काढायची घाई नको. स्पर्धेने उजेड पाडला आहे. २०१७ च्या एप्रिलमध्ये चंगदूमध्ये शू शियाओदोंग या मिश्र मार्शल आर्टच्या लढवय्याने ताइचीचे गुरू म्हणवणाऱ्या वेई लेई यांना वीस सेकंदांच्या आत लोळवले. चिनी समाजमाध्यमांत गदारोळ झाला, पण ती चपराक आवश्यक होती. समोरचा खरोखर ठोसा मारतो तेव्हा काय होते, हे ज्याने कधी अनुभवलेच नाही त्याचे तत्त्वज्ञान म्हणजे निव्वळ कीर्तन. शाओलिनलाही सोवळे मानायचे कारण नाही: १९९९ पासून मठाधिपती असलेल्या आणि मठाचा जगभर व्यवसाय उभा करणाऱ्या शी योंगशिन यांना २०२५ च्या जुलैमध्ये आर्थिक गैरव्यवहाराच्या चौकशीत पद गमवावे लागले.

पदकामागे माणूसही असतो. मणिपूरच्या नाओरेम रोशिबिना देवीने हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत, सप्टेंबर २०२३ मध्ये, वूशूच्या लढतीच्या प्रकारात रौप्य जिंकले. अरुणाचलच्या तिच्या तीन सहकारी मुलींना चीनने प्रवेश नाकारल्याने त्या जाऊच शकल्या नव्हत्या. रोशिबिनाने पदक त्या मैत्रिणींना अर्पण केले. शिष्टाचार म्हणून जुने गुरू जे शिकवत, ते याहून फार वेगळे नव्हते.

तेव्हा आक्षेप स्पर्धेवर नाही, फक्त स्पर्धाच उरली यावर आहे. आणि हा आक्षेप कुंग फूपुरताही नाही. २०२० चे द्रोणाचार्य पुरस्कार पाहा. वूशूचे प्रशिक्षक कुलदीप हांडू आणि उज्जैनचे मल्लखांब प्रशिक्षक योगेश मालवीय यांचा सन्मान त्या एकाच यादीत झाला. मल्लखांब मध्य प्रदेशचा राज्य खेळ आहे. पेशवाईतल्या बाळंभटदादा देवधरांपासून आलेल्या या विद्येचेही आता वयोगट, गुणपत्रिका आणि पदकतक्ते झाले आहेत. फरक इतकाच की महाराष्ट्रात तिला अजून व्यायामशाळेचा आधार आहे. मुंबईत शिवाजी पार्कच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी आयुष्यभर मल्लखांब शिकवला, दृष्टिहीन मुलांनाही शिकवला, आणि २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तिथे स्पर्धेतून निवृत्त झालेला माणूस संध्याकाळी मैदानावर येऊ शकतो. भोपाळच्या वूशू खेळाडूने निवृत्तीनंतर कुठे जायचे?

जायला जागा हवी, याला वैद्यकीय कारणही आहे. २०१२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पार्किन्सनच्या १९५ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चोवीस आठवडे ताइची करणाऱ्या गटाचा तोल इतर दोन गटांपेक्षा सुधारला आणि स्ट्रेचिंग करणाऱ्या गटाच्या तुलनेत त्यांचे पडणेही कमी झाले. ताइची ही कुंग फूचीच संथ शाखा. भोपाळला अशा संथ सरावाचे महत्त्व कुणी बाहेरून येऊन सांगण्याची गरज नाही. वायुदुर्घटनेतल्या पीडितांसाठी १९९६ मध्ये सुरू झालेल्या संभावना दवाखान्यात औषधांच्या जोडीने योगही शिकवला जातो. तिथे सराव करणाऱ्यांना गुण कुणी देत नाही. ती माणसे आपल्या श्वासासाठी येतात.

मग करायचे काय? नवी अकादमी नको, नवी इमारत तर मुळीच नको. टीटी नगरच्या स्टेडियममध्ये रोज एक तास तिशीपुढच्या लोकांसाठी राखून ठेवावा. शिकवायला निवृत्त वूशू आणि जुदो खेळाडूंना मानधनावर नेमावे. त्यांचा सराव टिकेल आणि नोकरीच्या टेबलामागे गंजणारी विद्या कामी येईल. या तासात पट्टे नकोत, परीक्षा नको. वर्षा-दोन वर्षांत काळा पट्टा हातात देणाऱ्या खासगी क्लासांचे जे पीक सगळ्याच शहरांत आले आहे, त्यावर याहून स्वस्त उतारा नाही. भोपाळमधल्या मराठी मंडळींनीही गणेशोत्सवातल्या प्रात्यक्षिकांवर समाधान मानू नये. वर्षभर चालणारी एखादी तालीम त्यांना जड जाणार नाही.

क्रीडा विभागाने येत्या अर्थसंकल्पात पदकविजेत्यांच्या बक्षिसांशेजारी आणखी एक ओळ घालावी: या एका तासाचे वीजबिल आणि प्रशिक्षकांचे मानधन.