हाडाची भुकटी आणि कुपीवरचा स्टिकर

दात काढल्यावर जबड्याचे हाड हळूहळू झिजते. इम्प्लांट घट्ट बसण्याइतके हाड उरले नसेल, तर दंतवैद्य त्या जागी पांढरी भुकटी भरतात. त्याला ‘बोन ग्राफ्ट’ म्हणतात. परभणीसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणीही आता हा उपचार होतो. पण ती भुकटी कशाची, हे खुर्चीतला रुग्ण क्वचितच विचारतो. ती दुसऱ्या माणसाच्या हाडाची असू शकते, जनावराच्या हाडाची किंवा कृत्रिमही.

अमेरिकेत २०२३ मध्ये एका मृत दात्याच्या हाडापासून बनवलेला माल सात राज्यांत गेला आणि ३६ जणांवरील शस्त्रक्रियांत व दंतोपचारांत वापरला गेला. त्यात क्षयाचे जंतू निघाले. पाच जणांना क्षय झाल्याचे तपासणीत सिद्ध झाले, त्यांतले दोघे दगावले. २०२१ मध्येही तिथे असेच घडले होते. त्या मालात जिवंत पेशी राखलेल्या होत्या. किरणांचा मारा केला असता तर जंतूंबरोबर त्याही मेल्या असत्या.

आपल्याकडची नेहमीची पद्धत वेगळी आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाची ऊतिपेढी १९८८ पासून चालते आणि देशभरातले दंतवैद्य तिथले हाड वापरतात. ते शीतशुष्क करून, म्हणजे गोठवून त्यातले पाणी काढून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. मात्रा साधारण २५ किलोग्रे. एवढ्याने जिवाणू मरतात. काही विषाणू मात्र चिवट असतात, म्हणून दात्याची रक्ततपासणी आणि आजारांचा इतिहास आधीच पाहावा लागतो.

म्हणजे निर्जंतुकीकरण दवाखान्यात नव्हे, त्याआधीच झालेले असते. दवाखान्याच्या हाती उरते ते बिघडू न देणे. कुपी ऐनवेळी उघडायची, निर्जंतुक भांड्यात सलाइनमध्ये किंवा रुग्णाच्याच रक्तात कालवायची आणि उरलेली टाकून द्यायची. खरा मोह इथेच. कुपी महाग, लागते चिमूटभर. उरलेली पुढच्या रुग्णासाठी ठेवावीशी वाटणे समजण्यासारखे आहे, पण ते चालत नाही. ऑटोक्लेव्हमध्ये घालून ती पुन्हा ‘शुद्ध’ही करता येत नाही. त्या उष्णतेत हाड वाढवणारी प्रथिने निकामी होतात आणि उरते नुसती भरताड. साठवणुकीचेही तसेच: मे महिन्यात परभणीचा पारा बेचाळिशी ओलांडतो, तेव्हा खोक्यावरची तापमानाची मर्यादा वाचलेली बरी.

अमेरिकेतले ते ३६ जण शोधता आले, कारण कोणती कुपी कोणाला वापरली याची नोंद होती. कुपीच्या वेष्टनावर लॉट क्रमांकाचा स्टिकर असतो. एक प्रत दवाखान्याच्या कागदांत आणि एक रुग्णाच्या फाइलीत चिकटवायला मिनिटही लागत नाही. उपचार ठरवतानाच भुकटी कशाची आहे ते विचारा. जनावराच्या हाडाला ज्यांची हरकत असेल, त्यांना हे आधी कळलेच पाहिजे. शस्त्रक्रियेच्या दिवशी सीलबंद कुपी आपल्यासमोर उघडायला सांगा, आणि घरी निघताना तो स्टिकर मागून घ्या.