पितृत्वाची मुदत

१ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेची कलमे नव्या क्रमाने लावली आणि परकीय सत्तेचा वारसा आपण टाकून दिला अशी ग्वाही देशाला देण्यात आली. परंतु ज्या १२५ व्या कलमावर टाकलेल्या बायकामुलांची भिस्त आहे, ते १४४ वा क्रमांक धारण करून जवळजवळ जसेच्या तसे पुढे आले आहे, आणि धडधाकट अपत्य अठरा वर्षांचे झाले की पित्याचे दायित्व सरले, हा त्यातला अन्यायही कायम राहिला आहे. हाती आलेली संधी संसदेने दवडली, याचा आम्हांस संताप वाटतो.

अठरावे वर्ष विद्यार्थ्याच्या आयुष्यात बारावीची परीक्षा आणि पदवीचा प्रवेश यांच्या आसपास येते. पुढे अभियांत्रिकीस चार वर्षे लागतात, वैद्यकास साडेपाच. म्हणजे शुल्क, वसतिगृहाची अनामत आणि पुस्तके यांचा खर्च ज्या सुमारास एकदम अंगावर येतो, त्याच सुमारास मुलाच्या पोटगीचा हुकूम निष्प्रभ होतो, आणि ज्या आईने इतकी वर्षे कोर्टाच्या तारखांना हेलपाटे घातले तिच्या एकटीच्या मिळकतीवर सारा भार पडतो. अविवाहित मुलीस १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याचा आधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो मान्यही केला, पण त्यासाठी तिने निराळा दावा लावावयाचा. शिकणाऱ्या मुलास तेवढाही आधार नाही. मताचा अधिकार मिळाल्याने कोणाचे पोट भरत नाही, हे कायदा करणाऱ्यांस सांगावे लागावे ही शरमेची गोष्ट आहे.

आणि परकीय वारशाचे म्हणाल, तर १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील याच विषयाच्या ४८८ व्या कलमात वयाची मर्यादाच नव्हती. अपत्य स्वतःचे पोषण करण्यास असमर्थ आहे काय, एवढीच कसोटी होती. अज्ञानत्वाची अट स्वतंत्र भारताच्या संसदेने १९७३ साली घातली. ज्या कलमाने मुलाप्रती पित्याचे कर्तव्य अठराव्या वर्षी संपते, त्याच कलमाने असमर्थ पित्याच्या निर्वाहाचे कर्तव्य मुलावर पडते, आणि त्यास वर्षांची मुदत नाही. एकवीस वर्षांखालील पुरुषास विवाहास अयोग्य ठरविणारे शासन त्यालाच अठराव्या वर्षी स्वावलंबी मानते, याची संगती कोणी लावून दाखवावी.

पित्यावर आजन्म ओझे लादावे काय, असे विचारले जाईल. तसे कोणीच म्हणत नाही. न्यूयॉर्क राज्यात हे दायित्व एकविसाव्या वर्षापर्यंत चालते, म्हणून तेथील बाप देशोधडीस लागले नाहीत. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एका मातेस, तिचा सज्ञान मुलगा पदवीधर होईपर्यंत किंवा कमावू लागेपर्यंत, दरमहा रक्कम देवविली; पण एखाद्या न्यायपीठाच्या सहृदयतेवर देशभरच्या मुलांचे शिक्षण विसंबून ठेवणे हे विधिमंडळास भूषणावह नाही.

मुळात या देशात पोटगी हा हक्क असूनही ती मागणाऱ्या स्त्रीस याचकासारखे वागविले जाते. थकलेल्या रकमेच्या वसुलीची दरखास्त वर्षाच्या आत न दिल्यास ती रक्कम या कलमाखाली वसूल होत नाही. म्हणजे चुकविणाऱ्यास काळाचे अभय, आणि उपाशी राहणारीस काळाचा धाक. मातृत्वाचे गोडवे व्यासपीठांवरून गाणाऱ्या समाजाने पितृत्वाचा हिशेब मात्र कधी मागितला नाही, आणि अठरा वर्षांची ही सीमा त्याच अनास्थेतून निपजली आहे.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. १४४ व्या कलमात तातडीने दुरुस्ती करावी. पहिली पदवी अथवा व्यवसायशिक्षण पुरे होईपर्यंत, पित्याच्या ऐपतीच्या प्रमाणात, मुलगा व मुलगी असा भेद न करता निर्वाह व शिक्षणखर्च देणे बंधनकारक करावे. आणि सज्ञान अपत्यास स्वतःच्या नावे त्याच न्यायालयात अर्ज करता यावा. संसदेने हे पुढच्याच अधिवेशनात करावे. दिरंगाईच्या प्रत्येक वर्षी काही मुले शिक्षण सोडतील, आणि त्याची जबाबदारी बापांइतकीच संसदेचीही राहील.