एटीए कार्नेट म्हणजे काय? जळगावचं यंत्र परदेशात दाखवून परत आणायचं, तर यादी इतकी महत्त्वाची का?

27 ऑगस्ट 2025 पासून अमेरिकेत अनेक भारतीय वस्तूंवर 50 टक्के जादा शुल्क लागू झालं आणि निर्यातदारांची नव्या बाजारांसाठी धावपळ सुरू झाली. त्याच्या महिनाभर आधी, 24 जुलैला, भारत आणि ब्रिटन यांच्यात व्यापार करारावर सह्या झाल्या होत्या. पण नवा ग्राहक नुसत्या माहितीपत्रकावर यंत्र घेत नाही. त्याला ते चालताना बघायचं असतं. ठिबक संच, पीव्हीसी पाइप आणि चटया बनवणारं जळगाव असो की महामार्गांच्या तिठ्यावरचं धुळे, लहान कारखानदाराला परदेशी प्रदर्शन गाठायचं असेल तर पहिला प्रश्न उभा राहतो तो कस्टम्सचा.

यंत्र विकायचं नाही, आठ दिवस दाखवून परत आणायचंय. मग तिथे आयात शुल्क का भरायचं?

कार्नेट काय करतं?

याच प्रश्नाचं उत्तर म्हणजे एटीए कार्नेट. 1961 च्या आंतरराष्ट्रीय करारातून आलेली ही व्यवस्था आज सुमारे 80 देश आणि प्रदेशांत चालते. ती वस्तूंच्या तात्पुरत्या प्रवासाचा पासपोर्ट आहे असं समजा. मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. भारतात ते फिक्की ही उद्योग संघटना देते. माल ठरल्याप्रमाणे परत आला, तर परदेशात शुल्क भरावं लागत नाही.

मात्र वस्तू परत येतील याची हमी फिक्कीला द्यावी लागते. त्यासाठी कारखानदाराकडून बँक गॅरंटी किंवा अनामत घेतली जाते. ती रक्कम वस्तूंच्या किमतीवर आणि कोणत्या देशात जायचंय त्यावर ठरते.

यादीत काय लिहायचं?

कार्नेटचा जीव आहे त्यातली 'जनरल लिस्ट'. तिच्यात प्रत्येक वस्तूचा क्रमांक, वर्णन, नगांची संख्या, वजन, किंमत आणि वस्तू कुठल्या देशात बनली ते लिहायचं असतं.

समजा, ठिबक सिंचनाचा प्रात्यक्षिक संच जर्मनीला चाललाय. 'ठिबक संच, 1 पेटी' एवढं लिहिलं, तर कस्टम्स अधिकाऱ्याला पेटीतलं काहीच ओळखता येणार नाही. फिल्टर, मोटरपंप, कंट्रोलर आणि सादरीकरणाचा लॅपटॉप यांना वेगवेगळे क्रमांक हवेत. कंपनी, मॉडेल आणि यंत्रावर कोरलेला सीरियल नंबर लिहायला हवा. पंप भारतातला असेल आणि लॅपटॉप चीनमध्ये बनलेला असेल, तर तसंच नोंदवायचं. किंमत 'शून्य' किंवा अंदाजे टाकून चालत नाही, कारण शुल्काचा प्रश्न आलाच तर हिशोब त्याच आकड्यावरून सुरू होतो.

काय लिहायचं नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. स्टॉलवर वाटायची माहितीपत्रकं, भेटवस्तू, चवीसाठी ठेवलेली जळगावची केळी कार्नेटमध्ये बसत नाहीत. ती तिथेच संपणार आहेत, परत येणार नाहीत. अशा गोष्टींची कागदपत्रं वेगळी करावी लागतात.

सगळंच यादीत टाकलं तर?

कार्नेट एकदा निघालं की यादीत नवी वस्तू घालता येत नाही. निघताना आठवलेला सुटा व्हॉल्व्ह पेटीत टाकला, तर तो कार्नेटबाहेरचा माल ठरतो. उलट, यादीतल्या सगळ्याच वस्तू प्रत्येक फेरीला न्यायलाच हव्यात असं नाही. कोणते क्रमांक गेले, ते त्या-त्या वेळी पावतीवर नोंदवलं जातं.

मग सगळंच लिहून टाकावं का? तसं केलं तर एकूण किंमत वाढते आणि तिच्याबरोबर अनामतही. मोठ्या कंपनीला हे जड जात नाही. पण ज्याचं खेळतं भांडवलच मोजकं आहे, त्याचे पैसे महिनोन्‌महिने अडकतात. म्हणून यादी जुन्या बिलावरून उतरवण्यापेक्षा पेट्या भरताना, प्रत्येक नग हातात घेऊन केलेली बरी. सीरियल नंबरचा फोटो काढून ठेवला, तर विमानतळावर पेटी उघडावी लागली तरी वाद होत नाही.

चूक झाली तर काय होतं?

प्रदर्शनातच ग्राहक मिळाला आणि यंत्र तिथेच विकलं, किंवा परत येताना परदेशी कस्टम्सचा शिक्का राहिला, तर तिथलं खातं शुल्काची मागणी करू शकतं. हा दावा कार्नेटची मुदत संपल्यानंतर एक वर्षापर्यंत येऊ शकतो. माल परत गेला हे सिद्ध करायला हमीदार संस्थेला सहा महिने मिळतात. पुरावा नसेल, तर मूळ शुल्कावर आणखी 10 टक्क्यांपर्यंत रक्कम लागू शकते. फिक्की ती अखेर कारखानदाराकडूनच वसूल करते.

मायदेशातला शिक्काही चुकवून चालत नाही. 1962 च्या सीमाशुल्क कायद्याच्या कलम 20 नुसार परत आलेला भारतीय मालही आयात केलेल्या मालासारखाच धरला जातो. सूट हवी असेल, तर गेलेलीच वस्तू परत आली हे दाखवावं लागतं. मुंबईतून निघताना भारतीय कस्टम्सने यादी तपासून दिलेली नोंद तेव्हा कामी येते. ती न घेता विमान पकडलं, तर जळगावात बनलेल्या पंपावर भारतातच शुल्क भरायची वेळ येऊ शकते.