लिहून मागू नका, बोला

मराठी माध्यमातून कॉलेजात आलेल्या मुलामुलींनो, हे तुमच्यासाठी. 2000 सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे बारावीपर्यंत तुमची बारा वर्षं इंग्रजीत गेली. पेपर सुटतो, धडा वाचून कळतो. पण कॅम्पस इंटरव्ह्यूत ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ म्हटलं की घसा कोरडा पडतो. पडणारच, कारण बोलायला कधी मिळालंच नाही. भरलेल्या वर्गात एकेकाच्या वाट्याला मिनिटभरही येत नाही आणि मित्रांपुढे तोंड उघडलं तर ‘आला मोठा साहेब’ ऐकावं लागतं.

चॅटजीपीटी, जेमिनाय यांत आता तोंडी बोलायची सोय आहे, थोडाफार वापर फुकटही आहे. रात्री गच्चीवर जाऊन बोला, अडखळा, तेच वाक्य पुन्हापुन्हा म्हणा. ते हसणार नाही. पण बहुतेक मुलं करतात काय, तर ‘सेल्फ इंट्रोडक्शन लिहून दे’ म्हणतात आणि ते पाठ करतात. इंटरव्ह्यू घेणाऱ्याला हे पहिल्या वाक्यालाच कळतं, आणि दुसऱ्या प्रश्नाला पाठांतर संपलेलं असतं.

त्यापेक्षा घरचं सांगा. सांगोल्याकडे घरची डाळिंबाची बाग असेल, तर बहार कसा धरतात ते इंग्रजीत सांगून बघा. पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, पानगळ करायची, हलकी छाटणी करायची, मग पाणी सोडलं की फुलं एकदम निघतात. ‘ताण’पाशी अडाल. अडा की! ‘वुई स्टॉप वॉटर फॉर सम वीक्स, देन लीव्ह्ज फॉल’ एवढंही पुरे. समोरून लगेच प्रश्न येईल, पाणी का तोडता? याचं उत्तर तुम्हाला ठाऊक आहे, शोधायचे आहेत ते फक्त शब्द. ‘ग्लोबल वॉर्मिंग’वर बोलायला गेलात, तर मुद्द्यालाही अडाल आणि भाषेलाही.

सुरुवातीलाच त्याला मराठीत बजावून ठेवा: ‘सावकाश बोल, एका वेळी एकच प्रश्न विचार, माझं बोलून झाल्यावर दोनच मोठ्या चुका सांग.’ नाहीतर ते वाक्यागणिक ‘ग्रेट’ म्हणत सुटतं. कौतुकाची त्याला वाईट खोड आहे. आपल्या काही चुका ठरलेल्या आहेत. ‘काल गेलो होतो’ डोक्यात असतं म्हणून ‘यस्टरडे आय हॅड गॉन’ होतं. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’, ‘डिस्कस अबाउट’ हीही त्यातलीच. त्यांवर मुद्दाम लक्ष ठेवायला सांगा.

उच्चारांसाठी मात्र त्याच्यावर विसंबू नका. शब्द नीट ऐकू आला नाही तरी मागच्यापुढच्या बोलण्यावरून ते अंदाज बांधतं. स्क्रीनवर शब्द बरोबर उमटला म्हणजे उच्चार बरोबर, असं नाही. आवाज रेकॉर्ड करून सरांना किंवा मॅडमना ऐकवा. अमेरिकन ढंगाच्या नादी लागू नका, समोरच्याला कळलं की झालं. आणि सराव म्हणून का होईना, खरा आधार क्रमांक किंवा घरचा पत्ता त्याला सांगत बसू नका.

प्राध्यापकांना एक विनंती. या गप्पांचा मजकूर सहसा फोनमध्ये राहतो. त्यातली स्वतःची तीन-चार वाक्यं मुलांना वर्गात आणायला सांगा आणि फळ्यावर दुरुस्त करा. वेगळं पुस्तक लागणार नाही.

एक गोष्ट फोन शिकवत नाही. तो निमूटपणे ऐकून घेतो; ग्रुप डिस्कशनमध्ये चौघं एकदम बोलतात आणि तुमचं वाक्य अर्ध्यावर तुटतं. त्याची सवय माणसांतच होते. म्हणून आठवड्यातून एकदा चार-पाच जण होस्टेलच्या खोलीत जमा, फोन बाजूला ठेवा आणि मेसच्या जेवणावर इंग्रजीत भांडा. या विषयावर कुणी गप्प बसत नाही.