बसची पहिली पायरी

सिल्वासाला रेल्वे स्थानक नाही. वासोण्याहून गाडी पकडायची तर आधी सिल्वासा आणि मग वापी गाठावी लागते. हा प्रवास बसने करताना गुडघे दुखणारी आजी किंवा कुबड्या घेतलेला विद्यार्थी पहिल्या पायरीशीच अडतो. "तुम्ही या जाऊन, मी घरीच बरी," हे आजीचे वाक्य आपण सर्वांनीच ऐकले असेल. आम्हाला वाटते, येथे दोष पायरीचा आहे.

विद्यार्थ्यांनी थोडे गणित करून पाहावे. उंच बसचा तळ जमिनीपासून सुमारे ९०० मिलिमीटरवर असतो. व्हीलचेअरसाठी उतार १:१२ प्रमाणात असावा, असा नियम आहे. म्हणजे अशा बसमध्ये चढायला १०.८ मीटर लांब उतार हवा. काही बससुद्धा इतक्या लांब नसतात! तळ ४०० मिलिमीटरवर आणि थांबा १५० मिलिमीटर उंच असेल, तर ३ मीटर पुरतात. अहमदाबादने २००९ मध्ये जलद बससेवा सुरू करताना थांब्याचा फलाटच बसच्या तळाइतका उंच केला.

चीनमध्ये २००८ च्या पॅरालिम्पिकसाठी बीजिंगने जुन्या मेट्रो स्थानकांत व्हीलचेअर वर नेणारी यंत्रे बसवली. पदपथांवर अंधांसाठी उठावाच्या फरशांच्या पट्ट्याही टाकल्या. पण त्याच पट्ट्यांवर लोक सायकली आणि मोटारी उभ्या करू लागले. सोय सरकारने करावी हे खरे, पण ती टिकते नागरिकांच्या सवयीने.

आपल्याकडे दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ मध्ये संमत झाला. बसथांबे व स्थानके सर्वांना वापरता येतील अशी करावीत, असे तो सांगतो. २०१८ मध्ये सिल्वासाची स्मार्ट सिटी म्हणून निवड झाली. तेव्हा थांबा आणि बस यांची उंची जुळावी, ही मागणी पालकांनी लेखी करावी.

विश्वस्तांना आमची विनंती आहे, की सहलीची बस ठरवताना भाड्याबरोबर पायरीची उंचीही विचारावी. आणि विद्यार्थी मित्रांनो, शाळेच्या फाटकासमोरील उतारावर सायकल लावू नका. सहलीच्या यादीतून एकही नाव पायरीमुळे गळू नये, एवढे तर आपल्या हातात आहे.